सौंदडच्या पटावर भेटलेला माणूस

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. धान निघाल्यावर सौंदडजवळ भरलेल्या शंकरपटाला मी पहिल्यांदाच गेलो होतो. बैलजोड्यांच्या शर्यतीवर लोक पैजा लावत होते आणि कोणती जोडी निवडावी, हे मला काही कळत नव्हतं. बांधावर बसलेल्या एका पन्नाशीच्या माणसाने मला शेजारी बसवून घेतलं.

“झुली अन् घुंगरं पाहू नको बापू,” तो म्हणाला. “मागचे पाय पाह्य. दोघंही संगंच उचलते का? अन् पुठ्ठ्यावर टोचणीचे वण पाह्य. टोचून पळवलेला बैल भेवानं पळते, अर्ध्यातच संपते.”

त्याच्या सांगण्यावरून मी पांढऱ्या जोडीवर पैसे लावले. त्याने स्वतः मात्र हातातलं चांदीचं कडं काढून तांबड्या जोडीवर लावलं.

“तुम्ही असं का केलं?” मी विचारलं.

“पांढरे माहेच होते. वाटणीत भावानं नेले. ते जिंकतेत, मले मालूम हाये. पण एक डाव तरी त्याले हरताना पाह्यचं हाये.”

पांढरी जोडी जिंकली. लोक त्याच्या भावाला खांद्यावर घेऊन नाचू लागले. कडं गेल्याचं दुःख या माणसाच्या तोंडावर दिसलं नाही. पांढरे बैल आमच्यासमोरून परत जाऊ लागले, तेव्हा त्याने जिभेने हलकेच टचटच केलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. एकाही बैलाने मान वळवली नाही.

“इसरले साले,” तो म्हणाला आणि पटाकडे पाठ करून चालू लागला.