फळीवरचा बिल्ला

मिस्त्रींच्या नाकावर राग नुसता बसलेला नव्हता, त्यानं तिथं बिऱ्हाडच थाटलं होतं. दूध पातळ आलं की दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. शेजाऱ्यानं रेडिओचा आवाज वाढवला की भिंतीवर काठी बसायची. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस. कारखाना बंद पडला, गंजला, त्याच्या धुराड्यात झाडं उगवली, पण मिस्त्री काही थंड झाले नाहीत.

हा झाला रोजचा किरकोळ संताप. अस्सल माल त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, क्रेनवाल्यासाठी.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. क्रेनच्या खाली काम करायला जो उतरेल, त्यानं आपला पितळी बिल्ला शिडीजवळच्या फळीवर अडकवायचा, असा कारखान्याचा नियम होता. फळीवर बिल्ला दिसतोय तोवर क्रेन जागची हलायची नाही. काम झालं की ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा आणि घरी जाताना फाटकावरच्या पेटीत टाकायचा. मिस्त्रींचा धाकटा भाऊ त्या दिवशी चारची पाळी सुटल्यावरही खाली होता, आणि क्रेन हलली. त्याला बाहेर काढला तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्रेन चालवणारा कोण, तर धाकट्याचा सख्खा मेव्हणा, त्याच्या बायकोचा भाऊ! तो एकच सांगत राहिला, "फळी रिकामी होती." चौकशी झाली. धाकट्याचा बिल्ला सापडला फाटकावरच्या पेटीत. साहेबांनी लिहून टाकलं, कामगार बिल्ला टाकून घरी निघाला आणि नियम मोडून परत आत शिरला, चूक त्याचीच. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा भाऊ असला गाढवपणा करणार नाही! यानंच मागाहून बिल्ला काढला आणि कातडी वाचवायला पेटीत नेऊन टाकला!" भर चाळीत, तेराव्या दिवशी, त्यांनी भावजयीला बजावलं, "त्याच्या घराची पायरी चढलीस, तर या घराची पायरी तुला बंद."

पदरात दोन लेकरं. ती काय करणार बिचारी? चाळीस वर्षं माहेर तुटलं ते तुटलंच. आई गेली तेव्हासुद्धा ती खिडकीशी बसून रडली, उंबरा ओलांडला नाही.

अशात गावातल्या सभागृहात त्या कारखान्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. एका फोटोग्राफरबाईंनी पडक्या भट्ट्यांचे फोटो काढले होते, आणि सोबत कंपनीच्या कपाटातले जुने फोटोही मोठे करून लावले होते. त्यातले काही नेमके अपघाताच्या दिवशीचे. कंपनीचा फोटोवाला त्या दिवशी आला होता हे मिस्त्रींना पक्कं आठवत होतं, सगळ्यांनी भांग पाडले होते ना! एखाद्या फोटोत ती फळी असणार आणि फळीवर बिल्ला.

"चल," ते भावजयीला म्हणाले. "आज तुझ्या भावाचं पितळ उघडं पाडतो."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ती काठी टेकत निमूट मागून आली.

पडक्या भट्ट्यांसमोर उभे राहून लोक वाहवा करत होते. मिस्त्री खेकसले, "सुंदर म्हणे! तिथं आमची माणसं मेली, आणि हे गंजाचे रंग बघतायत." फळीचा फोटो कुठंच नव्हता. शेवटच्या भिंतीवर मात्र भलामोठा फोटो होता, त्याच दिवशीचा, चारला पाळी सुटताना फाटकावरचा. मध्ये साक्षात मिस्त्री, तरणेबांड, खिदळत, पेटीकडे हात नेलेला.

मिस्त्री जवळ गेले आणि तिथंच खिळले.

"बाई!" एकाएकी ते ओरडले. "हा फोटो उतरवा! खोटा आहे हा!"

फोटोग्राफरबाई धावत आल्या. "अहो आजोबा, हे तुम्ही का? मला विचारायचंच होतं. प्रत्येकाच्या हातात एक बिल्ला, मग तुमच्या हातात दोन कसे?"

"तुम्हाला काय करायचंय? नसत्या चौकशा!"

"दोन?" मागून भावजयीनं विचारलं.

दोघा भावांची सवय तिला ठाऊक होती. दोघं भाऊ रोज बरोबरच घरी यायचे, आणि काम संपल्यावर जो आधी फळीपाशी पोचेल तो दोघांचे बिल्ले काढायचा, पेटीपाशी रांगेत दोनदा उभं राहायला नको म्हणून. नियमात बसत नव्हतं, पण हाताला सवय झालेली. त्या दिवशी धाकटा वर येऊन पुढं गेला असेल असं मिस्त्रींना वाटलं होतं. हातानं सवयीनं दोन्ही बिल्ले काढले होते, आणि ते त्यांना आठवतही नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "यांच्या बिल्ल्याला कडेला खाच होती. धार लावायच्या चाकावर बिल्ला घसरला तेव्हा पडली होती ती. बघा बरं, आहे का?"

मिस्त्रींनी भावजयीकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. हिला दिसत नाही. नाही म्हटलं तर कोण विचारणार होतं?

"आहे," ते शेवटी म्हणाले. "खाच आहे. त्यानं अडकवला होता गं. मीच काढला."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या पोरांना मी काय सांगत आले ठाऊक आहे?" तिचा आवाज सगळ्या सभागृहानं ऐकला. "तुमचा मामा खुनी आहे. माझ्या तोंडानं सांगितलं, दादा. तुमच्या धाकानं."

"चुकलो मी."

"मला सांगून काय उपयोग? भाऊ अजून त्याच खोलीत राहतो, तीन गल्ल्या सोडून. अंथरुणाला खिळलाय." तिनं काठी उचलून दाराकडं दाखवली. "चला. आज त्याची पायरी आधी तुम्ही चढायची. मी मागं उभी राहते."

मिस्त्री निघाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, वाटेत त्यांनी कुणालाही शिवी दिली नाही.