शीलाची गोळी, माझी गोळी

आमच्या घरी अजून फोन नाही, त्यामुळे आई गेल्याचा निरोप शेजाऱ्यांकडे आला. ती रोह्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, शीलाकडे होती. रडू येण्याआधी माझ्या मनात आलं ते हेच, की जातानाही तिला शीलाचंच घर मिळालं. महिना उलटला, पण ती जळजळ काही शमत नाही...

आई धरमतरकडच्या मिठागरात राबलेली. म्हातारपणी हृदयाने कुरकुर सुरू केली, तेव्हापासून ती एक महिना माझ्याकडे पेणला आणि एक महिना शीलाकडे राहायची. थोरली मी, पण आईच्या पिशवीत शीलाने बांधून दिलेल्या गोळ्या आणि तोंडी शीलाचं कौतुक. ऐकून ऐकून मी पेटले आणि तिला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. आधीचं काही चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी बेधडक "नाही" म्हटलं. त्यांनी गोळी लिहून दिली. शीलाच्या गोळ्या बंद कर, असं आईला बजावून मी रोज सकाळी माझी गोळी तिच्या तळहातावर ठेवू लागले. काय समाधान वाटायचं तेव्हा!

आठव्या दिवशी आई मोरीच्या दारात कोसळली. नाडी हाताला लागेना. दवाखान्यात तिच्या कनवटीला शीलाचं पाकीट सापडलं. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवली. औषध एकच, फक्त कंपन्यांची नावं वेगळी. शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "तुजी नाय घेतली तर तू रुसशील, तिची नाय घेतली तर ती. मंग दोन्ही घेतल्या गो." शीला धावत आली. तिला सगळं कळलं, तरी नातेवाइकांना तिने "चक्कर आली होती" एवढंच सांगितलं. चांगुलपणातही तिनेच बाजी मारली, याचा मला आणखी राग आला.

पुढे आई दोन वर्षं जगली. आमच्या शेवटच्या भेटीत, रोह्याला, मी तिला गोळी द्यायला गेले तर तिने ओठ मिटून घेतले. "शिलेला दाखवलीस काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी उठून स्वयंपाकघरात गेले. शीलाने चष्मा लावून नाव वाचलं, मान हलवली, तेव्हा कुठे आईने तोंड उघडलं.

काल डॉक्टरांनी मलाही हृदयाची गोळी लिहून दिली. आज सकाळी पाणी घेऊन बसले, पाकीट हातात धरलं... आणि तसंच पिशवीत टाकलं. आता रोह्याची एसटी पकडायला निघाले आहे.