लिंबाखालचा दगड

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिला माझं काय ठाऊक नसतं? कोणत्या शर्टाचं बटण तुटलंय, कोणत्या गिऱ्हाइकाशी मी खोटं हसलो — सगळं तिला बसल्या जागी कळतं. हे मात्र सहा वर्षं तिच्यापासूनही दडवलं. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर यापुढं जरा वेगळं ओळखाल.

भूममध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, आणि आता ते लग्नाआधीचं शूटिंग — नवरा-नवरी हरभऱ्यातून पळताना वगैरे. हे पोटाचं काम. मनाचं काम वेगळं. मी माळावरच्या एकट्या झाडांचे फोटो काढतो. आमच्या भागात ती शोधावी लागत नाहीत. भूमहून ईट गावाकडं निघा — नजर पोचेल तिथवर उघडं रान, आणि मधेच एखादी बाभळ, एखादा लिंब उभा. बाकीची झाडं गेली, मग हेच का राहिलं? कुणी राखलं असेल? मी गाडी थांबवतो आणि बघत बसतो. बायको म्हणते, माणसांच्या लग्नात तुम्ही एवढा वेळ कधी रमत नाही. खरं आहे. झाड ऐनवेळी डोळे मिटत नाही, आणि मी जाड दिसतेय का, असंही विचारत नाही.

बघा, लागलो की नाही इकडचं तिकडचं सांगायला? मुद्द्यावर येतो.

ईटच्या अलीकडं एक वाडी आहे. नाव सांगत नाही. वाडीबाहेर एका बांधावर जुना, डेरेदार लिंब आहे. बांधाच्या एका अंगाला नामदेवरावांची बारा एकर जमीन, दुसऱ्या अंगाला सुगंधाबाईंची दोन एकर. म्हणजे लिंब अर्धा यांचा, अर्धा त्यांचा. आसपास दुसरी सावली नाही. मी ठरवलं, या झाडाचा वर्षभर, दर महिन्याला, एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो घ्यायचा. चैत्रात सुरुवात केली. समोरच्या ओढ्याच्या काठावर एक लोखंडी खुंटी ठोकली, म्हणजे कॅमेरा दर वेळी तिथंच लागावा. वेळ सकाळी नऊची.

आणि नऊला लिंबाखाली सुगंधाबाई न्याहारीला बसलेल्या असायच्या. साठीच्या पुढच्या, एकट्या. नवरा वारलेला, लेक लातूरला दिलेली. दोन एकर स्वतः करायच्या. मी लांबून ओरडायचो, "मावशी, जरा बाजूला होता का?" त्या भाकरी फडक्यात गुंडाळायच्या, उन्हात जाऊन उभ्या राहायच्या, आणि माझं आटोपेपर्यंत तशाच थांबायच्या. "झाला का वो फोटू?" झाला म्हटलं की परत सावलीत. सात महिने हेच चाललं. मला एकटं झाड हवं होतं ना! ते एकटं नव्हतंच, ते मी रोजच्या माणसाला उठवून एकटं करत होतो. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही. हे त्याच्यापुढं काहीच नाही.

दिवाळीच्या तोंडावर नामदेवराव बांधावर भेटले. म्हणाले, "सर, काय फोटू काढायचं ते काढून घ्या. दिवाळी झाली की पाडतुय त्याला. लई वसवा हाय. सावलीखाली जवारी खुरटून बसतीय."

मी विनवणी केली. एवढं जुनं झाड, राहू द्या की. ते हसले. "एवढा लळा लागला आसंल तर घिऊन जावा भूमला. दुकानापुढं लावा."

माझे पाच महिने बाकी होते. तेही कुठले? माघात चहूबाजूंनी ज्वारी उभी असते आणि मधे लिंब. फाल्गुनात पानं झडून तो उघडा होतो, नुसता सांगाडा. मला त्यासाठीच तर सगळं करायचं होतं. काय करता आलं असतं? सुगंधाबाईंना सांगता आलं असतं, झाड त्यांचंही होतं. तलाठ्याकडं जाता आलं असतं. पण त्यात हेलपाटे, बोलणी, वाईटपणा. आणि आमच्याकडं झाडाला कायदा वाचवत नाही, शेंदूर वाचवतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुठल्याही रानात बघा, जे झाड कुऱ्हाडीतून सुटलं त्याच्या बुडाशी बहुतेक एखादा शेंदरी दगड असतोच.

आता कळलं ना, मी काय केलं?

भूमच्या आठवडी बाजारादिवशी वाडी दुपारी मोकळी होते. मी ओढ्यातून एक गोल, गुळगुळीत दगड उचलला. लिंबाच्या बुडाशी अर्धा पुरला. शेंदूर तेलात कालवून त्याला फासला. दोन उदबत्त्या लावल्या, नारळ फोडला, अर्धी वाटी ठेवली. आणि — हसू नका — सगळं झाल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. मग ओढ्यात हात धुतले. शेंदूर नखांत दोन दिवस होता. बायकोला सांगितलं, फ्रेमचा रंग लागला.

चौथ्या दिवशी नामदेवरावांचा फोन. "सर, लिंबाखाली देव निघालाय! कॅमेरा घिऊन या." गेलो. त्यांच्या बायकोनं कुऱ्हाड माळवदावर टाकून दिली होती. झाडाला हात लावलात तर मी या घरात राहायची नाही, असं बजावलं होतं. मी देवाचे फोटो काढले. एक लॅमिनेट करून दिला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझ्या दगडाला साधा ओरखडाही न येता ते आलं. परतताना मी गाडीवर गाणं म्हणत होतो, इतका मी खूश होतो.

झाड वाचलं. इथवर गोष्ट गमतीची आहे, नाही का? मलाही तसंच वाटत होतं.

पौषात कट्टा झाला. मग झेंडा. मग तीन बाजूंनी तार, आणि वाट तेवढी नामदेवरावांच्या रानातून. तार सुगंधाबाईंच्या बाजूनं चांगली वावभर, दोन हात पसरू तेवढी, त्यांच्या जमिनीत घुसली होती. नियम ठरला — चप्पल घालून यायचं नाही, खाली बसून जेवायचं नाही. नियम सगळ्यांना. पण माघात ज्वारीची काढणी निघाली, तेव्हा नामदेवरावांची माणसं त्याच सावलीत भाकरी खात बसली होती. सुगंधाबाई तारेपाशी आल्या तशी कुणीतरी म्हणालं, "तुमी न्हाय, मावशे. देवाचं ठिकाण हाय." सुगंधाबाई बौद्ध. हे कुणी बोललं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. मी तिथंच होतो, खुंटीपाशी, कॅमेरा लावून. त्या महिन्यात मला त्यांना बाजूला व्हा म्हणावं लागलं नाही. माणसं कामाला उठल्यावर घेतलेला फोटो फार सुंदर आला.

त्या माझ्याकडं चालत आल्या. मला वाटलं, कळलं यांना. चोराच्या मनात चांदणं. पण त्यांना काही कळलं नव्हतं. त्या मदत मागायला आल्या होत्या.

"भाऊ, तुमी दर म्हैन्याला फोटू काढलाव न्हवं? ती मान्सं आता म्हंत्यात देव आज्या-पंज्यापासनं हितंच हुता. मंग तुमच्या आदीच्या फोटूत दिसाय पायजे की. त्यातला एक मला द्या. सरपंच म्हंतुय पुरावा आन." मग म्हणाल्या, "आमच्यात दगडाला हात जोडत न्हाईत. पर म्या कदी त्याला पाय बी लावला न्हाय. मला सावली पायजे, दुसरं काय न्हाय."

सात फोटो होते माझ्याकडं. चैत्र ते आश्विन. बुंधा स्वच्छ दिसत होता, दगडाचा मागमूस नव्हता. एवढा चोख पुरावा सगळ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. आणि तो दिला असता तर पुढचा प्रश्न आला असता — मग दगड आणला कुणी? तुम्ही तर सारखे इथंच असता, सर.

मी म्हणालो, "मावशी, ते कार्ड खराब झालं. आधीचे सगळे फोटो गेले."

"सगळं?"

"सगळे."

त्यांनी हळहळून मान हलवली. "अगं बया. लई म्हेनत गेली की वो तुमची." मला धीर देत होत्या त्या! मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना वाटलं, फोटो गेल्याचं दुःख. ग्रामसभेत त्यांचं पुराव्याविना कुणी ऐकलं नाही, विषय तिथंच मिटला.

इथंच थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. भीतीपोटी माणूस एकदा खोटं बोलतो. पण मी दोनदा बोललो, आणि दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट होतं.

दोन वर्षांनी सुगंधाबाई स्टुडिओत आल्या, निराधार योजनेच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला. स्टुलावर बसल्या. पदर नीट केला. मी दिवे लावले, हनुवटी जरा वर करा म्हणालो. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या मागच्या भिंतीवर बघत होत्या. तिथं तीन फुटी फ्रेममध्ये लिंब होता — वैशाखातला, कोवळ्या दाट पानांचा. सगळे त्याचं कौतुक करायचे, म्हणून मीच हौसेनं लावला होता. त्या येतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आपला लिंब हाय की ह्यो," त्या म्हणाल्या. उठल्या, जवळ गेल्या. बुंध्यापाशी बोट नेलं, काचेला लावलं नाही. "दगुड न्हाय ह्यात. आदीचा हाय का फोटू?"

किती सोपा प्रश्न! हो म्हणायचं, फ्रेम खिळ्यावरून काढायची आणि त्यांच्या हातात द्यायची. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"नाही मावशी," मी म्हणालो. "नंतरचाच आहे. दगड, तार, झेंडा, सगळं मी कॉम्प्युटरवर पुसलं."

आयुष्यात मी हजारो फोटो गुळगुळीत केले. काळ्या नवऱ्या गोऱ्या केल्या, टक्कल झाकलं, मेलेल्या बापाला मुलाच्या लग्नाच्या फोटोत उभं केलं. त्या फोटोत मी काहीच केलं नव्हतं. माझ्या दुकानातला बहुधा तो एकच खरा फोटो, आणि मी त्यातल्या झाडाच्या मालकिणीला तो खोटा आहे म्हणून सांगितलं.

त्यांनी बोट मागं घेतलं. मग म्हणाल्या, "हितनं पुसाय येतंय व्हय?" आणि स्टुलावर येऊन बसल्या. "तितनं तेवढं कुनाला पुसाय आलं न्हाय."

टोमणा नव्हता तो. त्या नुसतं बोलल्या, पाऊस नाही यंदा म्हणावं तसं. मग कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं आणि मी बटण दाबलं.

मी घाबरलो होतो, असं सांगता येईल. देवाचं सोंग केलं हे कळलं असतं तर वाडीनं मला दारात उभं केलं नसतं, आणि त्या पट्ट्यातली लग्नं माझ्याकडंच असतात. पण ते खरं नाही, निदान पुरतं खरं नाही. भीती पहिल्या वर्षी होती. नंतर ती गेली आणि मला नुसती सवय झाली. फ्रेम अजून भिंतीवर आहे, काढली तर बायको विचारेल. सातही फोटो कॉम्प्युटरवर आहेत, तारखांसकट.

गेल्या उन्हाळ्यात मी ईटच्या रस्त्यानं जात होतो. नऊ वाजून गेले होते. सुगंधाबाईंनी ओढ्याच्या काठावर चार काठ्या रोवून त्यावर जुनं लुगडं ताणलं होतं आणि खाली बसून खात होत्या. लुगड्याची सावली त्यांच्या गुडघ्यांपर्यंतच पुरत होती, पाय उन्हात होते. गाडी ओळखून त्यांनी हात केला. मीही हात केला. थांबलो नाही.