कानाच्या पाळीएवढं मऊ

आमच्या हिच्या उजव्या कानाला कायम पीठ लागलेलं असायचं. कुणाच्या लग्नाला निघालो, ही चांगली साडी नेसून, गजरा माळून दारात उभी राहिली, तरी कानाच्या पाळीवर पांढरा ठिपका. मी म्हणायचो, "अगं, कान पूस." ती म्हणायची, "राहू दे. बघणाऱ्याला कळेल, बाई कामाची हाय." लोकांना वाटायचं पावडर जास्त झाली. पावडर नव्हे, ते जपानी गोळ्यांचं पीठ होतं.

मी सातवी नापास. लिहिणं माझं काम नाही. पण मुलगी म्हणाली, "बाबा, आल्यागेल्याला सांगत बसता ते एकदा लिहून ठेवा." म्हणून बसलोय.

मी घाटावरचा. तारापूरला कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि सालवडला खोली घेतली. ही जवळच्या दांडीची, समुद्रकाठच्या गावची. सालवडला तिला सगळे दांडीवालीच म्हणायचे. लग्न झालं तेव्हा मला सुक्या मासळीचा वास सहन होत नव्हता. ही दर उन्हाळ्यात माहेरून सुके बोंबील नि सुकी मांदेली आणायची आणि गच्चीवर पुन्हा ऊन दाखवायची. वरच्या मजल्यावरचा एक भैया नाकाला रुमाल लावून म्हणाला, "भाभी, बहुत बास आता है." हिने वर न बघता सांगितलं, "तुम्हारा तडका लगता है तब मैं छींकती नहीं क्या? दो दिन का बात है, सहन करो." मीही त्या भैयाच्याच बाजूचा होतो, पण बोलायची छाती नव्हती.

तेव्हा आमच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला एक जपानी साहेब आला. मी त्याच्या हाताखाली. माणूस कामाला चोख, पण गेस्ट हाऊसचं तिखट त्याला झेपेना. केळी आणि बिस्किटं खाऊन राहायचा. पँट कमरेवर राहीना, पट्ट्याला नवीन भोक मीच पाडून दिलं. घरी सहज बोललो तर ही माझ्यावरच उखडली. "माणूस उपाशी हाय नि तुमी त्याच्या पट्ट्याला भोक पाडता? उद्या घेऊन या त्याला."

साहेब आला. बूट दारात काढले आणि हिच्यासमोर एवढा वाकला की हिने मागे वळून बघितलं, आपल्या पाठीमागे कोण मोठं माणूस उभं आहे म्हणून.

त्याला मराठी येत नव्हती, हिला मराठीशिवाय फारसं काही येत नव्हतं. पण त्याने फळीवरचा सुक्या मांदेलीचा डबा बघितला, झाकण उघडून वास घेतला आणि माणूस हसायलाच लागला. गावचं कुणी भेटावं तसं. बाह्या दुमडल्या आणि हिच्या ओट्याचा ताबा घेतला. एकेका मांदेलीचं डोकं नि पोट चिमटीने काढलं. मासे थंड पाण्यात टाकले आणि मांडी घालून बसला. अर्धा तास नुसता बसला. मग मंद आचेवर पातेलं ठेवलं, उकळी फुटायच्या आत गॅस अगदी बारीक केला आणि थोड्या वेळाने मासे काढून बाजूला ठेवून दिले.

ही माझ्या कानात म्हणाली, "अवो, यानं मासा टाकला नि पाणी ठेवलं! सांगा कोणीतरी त्याला." ते मासे हिने हळूच उचलले. संध्याकाळी तळून आम्हीच खाल्ले.

त्या पाण्यात मुळा गेला, गाजर गेलं, मीठ गेलं. चायनीजच्या गाडीवरून मी सोया सॉस आणला होता, तो चमचाभर गेला. मग मैद्यात मूठभर तांदळाचं पीठ घालून तो मळायला लागला. थोडं मळायचं आणि आपल्या कानाची पाळी दाबून बघायची. परत पीठ, परत कान. हिच्या लगेच ध्यानात आलं. हात धुतले, पिठाला बोट लावलं, स्वतःचा कान दाबला आणि मान हलवली, "अजून पाणी." साहेबाने टाळीच वाजवली. त्या दिवशी पहिल्यांदा हिच्या कानाला पीठ लागलं.

गोळे पाण्यात सोडले, वर तरंगले. साहेब हात धुवायला मोरीत गेला. हिने चमचाभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आजाऱ्याचं जेवण. पाहुण्याला असं कसं वाढू?" मी नको नको म्हणेपर्यंत चमचाभर लाल मसाला पातेल्यात. साहेब येऊन बसला, पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून धारा. पण पठ्ठ्याने वाटी संपवली आणि परत वाकला. तो गेल्यावर ही ओट्यापाशी तोंड पाडून बसली. "त्यानं एवढ्या मायेनं केलं नि मी नासवलं. परवा परत बोलवा. मी करते. मसाल्याचा डबा तुमच्याकडं ठेवा."

दुसऱ्या खेपेला हिने एकटीने केलं. साहेब तीन वाट्या प्यायला आणि चौथ्यांदा वाटी आपणच पुढे केली. काम संपेपर्यंत दर रविवारी आमच्याकडे यायचा. मग गेला तो गेला. पण ही शिकली ते सोडलं नाही. आमच्या चाळीत कोणाला ताप आला, कोणाची बायको बाळंत झाली, की हिचं पातेलं चढलंच. ही त्याला गोळेपाणी म्हणायची. परप्रांतातली एकटी राहणारी पोरं तापात पडली की दारात यायची, "मौसी, वो जापानी वाला मिलेगा?" ही म्हणायची, "मिलेगा, पण पहले कांबल ओढके सो जाव." मसाल्यावर वाढलेली बाई, पण नंतर तीच मला सांगायची, "ही चव ओरडत नाय. गप बसून ऐकायला लागते. म्हणून तुमाला कळत नाय."

मला खरंच कळत नव्हतं. मी आयुष्यात चहासुद्धा केला नाही. त्याचा मला अभिमान होता, आता लाज वाटते. मी आपली माझ्या बोटांची फुशारकी मारायचो. शाफ्टवर बोट फिरवून सांगायचो, कुठे केसाएवढं जास्त आहे. साहेबसुद्धा मापाचा गेज लावून बघायचा आणि माझंच बरोबर निघायचं. ही म्हणायची, "एवढी बोटं हुशार तर भाकरी थापा ना."

मग हिच्या पोटात दुखणं निघालं. खाल्लेलं काही ठरेना, भात नको, पेज नको. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर पुढचं औषध सोसणार नाही." घरी आल्यावर विचारलं, काय खाशील? म्हणाली, "गोळेपाणी." आणि करणार कोण? मुलगी सासरी नाशिकला, तिला यायला दोन दिवस. मीच उठलो.

पहिल्या दिवशी मी डोक्यासकट मासे टाकले आणि गॅस मोठा केला. लवकर व्हावं म्हणून. पाणी कडू जहर. गोळे असे की टाकले तर फरशी फुटेल. तिने एक तोंडात धरला, काढला आणि म्हणाली, "नट केलेत. आता बोल्ट पण आणा." हसली, पण काही गेलं नाही पोटात. मी मोरीत जाऊन तोंड धुवून आलो.

दुसऱ्या दिवशी तिने खाटेवरून एकेक सांगितलं. "डोकी काढा. पोट काढा. आता बसा. बसा म्हटलं ना, मासा मेला तरी त्याची घाई करू नये." पाणी जमलं. पीठ मळलं आणि मी माझा कान दाबून बघितला. ती म्हणाली, "तुमच्या कानाचं कातडं झालंय. इकडे या. माझा धरा."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी दिवसाउजेडी हिच्या कानाला हात लावला नव्हता. उभा राहिलो तसाच. म्हणाली, "लाज वाटते तर दार लोटा." दार लोटलं आणि पिठाच्या बोटांनी तिच्या कानाची पाळी धरली. अंग सगळं वाळून गेलं होतं, कान तेवढा पहिल्यासारखा. ओट्यापाशी गेलो, पाणी घातलं, मळलं, परत खाटेपाशी. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तिनेच सांगितलं, "हां. एवढंच."

तीन गोळे खाल्ले तिने. वाटीभर पाणी प्यायली. म्हणाली, "जमलं. मीठ जरा कमी हाय." पुढे रोज केलं. कधी दोन गोळे गेले, कधी एक, शेवटी नुसतं पाणी. औषधाने काही झालं नाही. पण माझी बायको उपाशी गेली नाही, एवढं मी छातीला हात लावून सांगतो.

तिला न्यायच्या आधी दांडीहून आलेल्या बायकांनी आंघोळ घातली, कुंकू लावलं. मी बघितलं तर कान स्वच्छ. ते मला बघवेना. आत गेलो, डब्यातून पिठाची चिमूट आणली आणि कानाला लावली. एक म्हातारी म्हणाली, "याचं डोकं फिरलं." फिरू दे.

परवा मुलगी आली, तिला सर्दी होती. मी न विचारता मांदेली भिजत घातली. पीठ मळायला बसलो तर माझ्याजवळ येऊन खाली बसली, केस मागे सारले आणि कान पुढे केला. "धरा, बाबा. आईसारखाच आहे माझा."

म्हटलं, "तू गप बस. माप आहे माझ्याकडे."

फिटरचं बोट आहे.