दोनदा जमा झालेले पैसे

थोरल्या सुनेच्या हाती हिशेबाचा कॉम्प्युटर आला तो आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मोतीबिंदूमुळे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना पडद्यापासून लांब राहायला सांगितलं, आणि घरच्या फर्निचरच्या कारखान्यात भुसा झटकून आकड्यांशी झुंजायला दुसरं कुणी तयार नव्हतं. धाकटा दीर तर त्या वर्षीचा नफा बघून हवेतच होता. लाकूड कापायचं नवं मशीन त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

सुनेला मात्र तो नफा पचेना. एवढा पैसा आला, तर उधारीसाठी प्लायवूडवाल्याची मनधरणी का करावी लागते? ती बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसली, आणि पहिल्याच पानावर अडली. दवाखान्यानं बाकांचे दिलेले पैसे बँकेत एकदा होते, कॉम्प्युटरवर दोनदा. पुढेही तेच. पैसे आले की आबा स्वतः नोंद करायचे; मग बँकेतून कॉम्प्युटरवर उतरवलेली यादी त्याच पैशांची आपोआप दुसरी नोंद करायची. दोन्हींवर ‘जुळलं’ची हिरवी खूण. महिनाअखेरीस ताळा बसला नाही की आबा ‘किरकोळ फरक’ अशी, नफ्यातून वजा न होणारी, नोंद टाकून मोकळे.

“वहिनी, झाकली मूठ राहू द्या,” दीर म्हणाला. “या महिन्यापासून नीट लिहू.”

“मूठ झाकलेलीच आहे, भावजी. पण आत काही नाही. मशीनचे हप्ते कशातून भरणार?”

तो पाय आपटत निघून गेला. आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “म्हणजे मी चोर?”

“चोर पैसे कमी करतो, आबा. तुम्ही तर वाढवलेत.”

आबा हसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

तिनं काम मात्र सोडलं नाही. शेवटच्या महिन्यापासून मागे मागे, स्वेटर उसवावा तसं. आधी हिरवी खूण काढायची, फरकाची नोंद पुसायची, जोडीतली एक नोंद उडवायची, मग पुन्हा बँकेशी जुळवायचं. एकदा घाईत भलतीच नोंद उडाली, आणि त्या महिन्याचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका दुपारी काळा चष्मा लावलेले आबा मागे येऊन उभे राहिले. ती एका शाळेकडून आलेल्या पैशांच्या नोंदी मोठ्यानं वाचत होती. तीच तारीख, तीच रक्कम. त्यातली एक उडवायला तिनं माऊस हलवला.

“थांब! ते दोन्ही खरे आहेत. एक टेबलांचे, एक कपाटांचे.”

तिनं स्टेटमेंट पाहिलं. खरंच, दोनदा जमा.

“बरं झालं आलात. मी शाळेचे पैसे गिळलेच होते.”

“मग खुर्ची दे.”

“आणि डॉक्टर?”

“मी कुठे बघतोय? तू वाच, मी ऐकतो.”

त्यानंतर ती वाचत गेली आणि आबा आठवून सांगत गेले. शेवटी पहिल्या महिन्याचाही ताळा बसला, तोही फरकाच्या नोंदीवाचून. खरा नफा अगदी बेताचा निघाला. आबांनी स्वतःच मशीनवाल्याला फोन करून मशीन नको म्हणून सांगितलं.

दीर बरेच दिवस हिशेबाच्या टेबलाकडे फिरकला नाही. मग एके सकाळी दारात येऊन म्हणाला, “वहिनी, किती शिल्लक पडली तर मशीन झेपेल? खरा आकडा सांगा.”

तिनं सांगितला. त्यानं तोंड वाकडं केलं, कानावरची पेन्सिल काढून तो आकडा फळीवर लिहिला आणि कामाला लागला.