चित्र स्वच्छ होतं

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडला घरी दाढी करत होतो. ढाणकीहून त्याचे मोठे भाऊ रहीमभाई बोलत होते. आदल्या संध्याकाळीच आम्ही बोललो होतो आणि तब्येत विचारल्यावर तो नेहमीसारखा म्हणाला होता, "एकदम फर्स्ट क्लास, मास्तर!" त्यामुळे मी रहीमभाईंवरच खेकसलो...

टीव्हीची छत्री बसवणारा माणूस माझा जिवलग कसा झाला? ती बसवायला तो आमच्याकडे आला आणि पावसात चित्र का जातं, असं मी विचारलं. गणिताच्या मास्तरला शिकवायची संधी तो थोडाच सोडणार! "चित्र आकडे बनून येते, मास्तर. पावसात वरून येता येता ते खराब होतात. आन् टीव्हीजवळच्या डब्ब्याले उपग्रहाले परत विचारता येत नाही. म्हणून पाठवतानाच तपासणीचे जास्तीचे आकडे जोडून देतात. त्याच्यावरून डब्बा चुका इथंच दुरुस्त करते." मग त्यानं मीटर दाखवलं. टीव्हीवर चित्र स्वच्छ, आत मात्र चुका वाढत चाललेल्या. "जुन्या अँटेनाच्या टीव्हीत मुंग्या यायच्या, समजत होतं. हे सांगत नाही. झेपते तवरी काचेसारखं दाखवते, आन् हद्द झाली का एकदम बंद. म्हणून चित्र नका पाहू, मीटर पाहा."

मी मात्र पुढची अकरा वर्षं चित्रच पाहत राहिलो. शेवटी शेवटी आमचा जिना चढताना तो मध्येच थांबून वायर न्याहाळायचा. मला वाटायचं, काय बारीक नजर आहे! छपरावरची कामं सोडून तो दुकानात बसायला लागला, तेव्हा 'आळशी झालास' म्हणून मीच चिडवलं. तो हसला. हृदयाचं दुखणं दोन वर्षांचं होतं, हे मला रहीमभाईंकडून दफनानंतर कळलं. मला त्याचा राग आला, अजून येतो. इतक्या गप्पा मारल्यास लेका, हे एक सांगायला काय झालं होतं? आणि त्याहून जास्त राग स्वतःचा येतो.

गेल्या आठवड्यात ढाणकीला गेलो. सलीमचं दुकान बंद होतं. शेजारच्या आपल्या दुकानात रहीमभाई पंपाची मोटर उघडून बसले होते. थोडं इकडचं तिकडचं बोललो आणि मी निघालो.

"तब्येत बरी हाय ना, मास्तर?"

सवयीनं 'मस्त' तोंडाशी आलं होतं. बायको गेल्यापासून मी सगळ्यांना तेच सांगत आलोय.

"नाही," मी म्हणालो. "झोप लागत नाही. घरात बोलायला कुणी नाही."

रहीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला, स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "मलेबी नाही लागत."