बोटभर लाकूड

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी वेरिबी स्टेशनच्या पार्किंगमध्ये होतो. त्याची बायको मेधा फोनवर एवढंच म्हणाली, "लॅबमध्येच... हार्ट अटॅक." पाच आठवडे झाले, पण फोन वाजला की अजून दचकतो.

आम्ही दोघं पुण्याहून एकत्रच परदेशी, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलो. मी आयटीत गेलो, तो लॅबमध्ये राहिला. लाकूड स्टीलवर, रबरावर, दगडावर घासायचं आणि किती झिजलं ते मोजायचं, हे त्याचं काम. मी चिडवलं की तो गंभीरपणे सांगायचा, "अरे, गुळगुळीत लोखंड लाकडाला फारसं काही करत नाही. मध्ये वाळू शिरली, की मात्र कानशीसारखं खातं."

माझ्या मुलीच्या, सईच्या सातव्या वाढदिवसाला घरी पंधरा मुलं होती. मागच्या, वेल चढवलेल्या उघड्या पडवीच्या तुळईवरून साखळी टाकून दोन वर्षांपूर्वी मीच झोका बांधला होता. सई झुलत होती. मिलिंद हातात प्लेट घेऊन थबकला, साखळीची करकर कान देऊन ऐकत राहिला आणि एकदम पुढे धावला. सईला त्याने जवळजवळ ओढूनच खाली उतरवलं. ती रडायला लागली. "काय चाललंय तुझं? लॅब आहे का ही?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. तो शिडी लावून वर चढला, मग मला बोलावलं. खालून धडधाकट दिसणारी तुळई वरून, वेलीच्या आड, साखळीने खात आणली होती. खाचेत बारीक वाळू होती. उरलं होतं बोटभर लाकूड.

मी सॉरी म्हटलं नाही... पाहुणे होते, केक कापायचा होता. त्यानंतर तो बाहेर भेटायचा, गप्पा मारायचा, पण आमच्या घरी येईना. राग धरलाय, असं मी ठरवून टाकलं. बारा वर्षं!

परवा सई म्हणाली, "बाबा, जस्ट गो अँड टेल हर." गेलो. मेधासमोर अडखळत सगळं बोललो.

"रागावला नव्हता रे तो," ती म्हणाली. "वाढदिवसाच्या आदल्या रविवारी त्यानेच सईला तिथे उंच उंच झोके दिले होते. एकदाही वर बघितलं नाही, म्हणायचा. माझं कामच ते, आणि मीच बघितलं नाही... तुझ्या घरी यायला त्याला तोंड नव्हतं."

तिने चहा आणला. खिडकीशी त्याची लाकडी खुर्ची होती. कोपरं टेकून टेकून खुर्चीच्या हातांचं पॉलिश गेलं होतं, उजव्या हाताचं जरा जास्तच.

"बस ना," मेधा म्हणाली.

मी चहा उभ्यानेच प्यायलो.